विंडोज टाकताना पार्टिशन अडते तेव्हा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलला. पूर्वी बहुतेकांना संगणक मंद का झाला हे विचारायचे असे. आता घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर विंडोज ११ अथवा लिनक्स टाकायला बसलेले वाचक ‘कोणत्या जागी बसवायचे’ असे विचारणाऱ्या पडद्यापाशी अडतात आणि तिथून पत्र लिहितात. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न: आमच्या डीटीपीच्या दुकानात २०१८ साली असेंबल करून घेतलेला संगणक आहे. एक टीबीच्या हार्ड डिस्कचे सी, डी, ई आणि एफ असे चार भाग तेव्हाच पाडून मिळाले होते. प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्याने विंडोज ११ चालेल असे कळले, म्हणून पेनड्राइव्ह बूटेबल केला. परंतु ड्राइव्ह निवडल्यावर, ‘निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय प्रणालीवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसवता येते’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. ओळखीचा तंत्रज्ञ म्हणतो, सगळी डिस्क क्लीन मारा. पण डी आणि ई मध्ये लग्नपत्रिकांपासून सहकारी संस्थांच्या वार्षिक अहवालांपर्यंत सगळे काम आहे. डिस्क खराब झाली आहे काय? (सांगली)

उत्तर: आपल्या डिस्कला काहीही झालेले नाही आणि ती लगेच क्लीन करण्याचीही गरज नाही. डिस्कवर कोणता भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. एमबीआर ही १९८३ च्या डॉस २.० पासून चालत आलेली जुनी पद्धत होय. तिच्यात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमधील अवघे ६४ बाइट या नोंदीसाठी राखलेले असतात आणि प्रत्येक नोंदीला १६ बाइट लागत असल्यामुळे चारच नोंदी मावतात. चारांपेक्षा अधिक भाग हवे असतील तर त्यांतली एक नोंद ‘एक्स्टेंडेड’ करून तिच्या पोटात ‘लॉजिकल’ भाग पाडावे लागतात. जीपीटी या नव्या पद्धतीत साधारणपणे १२८ नोंदींची सोय असते आणि त्या नोंदींची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

मदरबोर्डवरील ज्या प्रारंभीच्या प्रणालीने संगणक सुरू होतो तिच्याही दोन रीती आहेत, एक जुन्या बायोसची आणि दुसरी यूईएफआयची (संदेशातील ईएफआय ती हीच). विंडोजचा दंडक असा की यूईएफआयने सुरू व्हायचे असेल तर डिस्क जीपीटी हवी आणि बायोसच्या रीतीने सुरू व्हायचे असेल तर ती एमबीआर हवी. आपला मदरबोर्ड दोन्ही रीती जाणतो. पहिल्यांदा विंडोज टाकणाऱ्याने, बहुधा विंडोज ७ च्या दिवसांतल्या सवयीने, जुनी रीत वापरली आणि आपला नवा पेनड्राइव्ह यूईएफआयने सुरू झाला, एवढाच हा तंटा आहे. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ असे लिहून. विंडोज १० टाकायचे असते तर नुसत्या नावाची ओळ निवडून आपले काम भागले असते. विंडोज ११ ला मात्र सिक्युअर बूटची, म्हणजे फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देण्याची, क्षमता असलेले यूईएफआय लागते, त्यामुळे ती पळवाट येथे उपयोगी नाही आणि डिस्कच जीपीटी करावी लागेल.

त्यासाठी विंडोज १० मध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाची आज्ञा दिलेली असते आणि ती माहिती न पुसता रूपांतर करते. तिची एक अट मात्र आपल्याला आडवी येईल. डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी भाग असावेत आणि एक्स्टेंडेड भाग मुळीच नसावा. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट हे डिस्कचे भाग दाखवणारे साधन उघडून पाहिल्यास आपल्या डी, ई आणि एफ या तिघांभोवती बहुधा एक हिरवी चौकट दिसेल. ती चौकट म्हणजेच एक्स्टेंडेड भाग. सी च्या आधी काही शे एमबीचा ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ नावाचा छोटा भागही दिसण्याची शक्यता आहे, त्याला हात लावू नये.

म्हणून माझा सल्ला असा. डी, ई आणि एफ मधील सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, त्यांतल्या निरनिराळ्या वर्षांच्या काही फाइली तिथूनच उघडून पाहाव्यात आणि मग ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमधूनच हे तिन्ही भाग आणि शेवटी उरलेली रिकामी हिरवी चौकट डिलीट करावी. आता डिस्कवर फक्त सिस्टिम रिझर्व्ह्ड आणि सी राहतील. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा आणि एमबीआर२जीपीटी या आज्ञेपुढे व्हॅलिडेट, डिस्कचा क्रमांक व ‘अलाउ-फुल-ओएस’ हे तीन पर्याय प्रत्येकी तिरप्या रेघेने द्यावेत. पडताळणी यशस्वी झाल्याचे दिसले की व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट लिहून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. डिस्कचा क्रमांक बहुधा शून्य असतो, पण तो गृहीत न धरता डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहून घ्यावा. रूपांतर झाल्यावर संगणक बंद करून बायोसच्या सेटिंगमध्ये जावे, ‘सीएसएम’ किंवा ‘लेगसी’ असे लिहिलेला पर्याय बंद करावा आणि यूईएफआय निवडावे. हे विसरल्यास संगणक सुरू होणार नाही आणि रूपांतर फसले असा समज होईल. त्याच सेटिंगमध्ये सिक्युअर बूट आणि टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा-व्यवस्था) हेही सुरू करून घ्यावे.

या मार्गाचा मोठा लाभ असा की सी ड्राइव्ह जसाच्या तसा राहतो. आपल्याकडील श्रीलिपी, पेजमेकर, कोरलड्रॉ यांसारखी सॉफ्टवेअरे आणि त्यांचे परवाने पुन्हा मांडत बसावे लागत नाही. जुने विंडोज नव्या रीतीने सुरू झाले की त्याच्या आतूनच पेनड्राइव्हवरील सेटअप चालवून विंडोज ११ वर जाता येते. रिकाम्या जागेत पुढे एकच डी ड्राइव्ह करावा. चार-चार भाग पाडण्याची आपल्याकडच्या असेंबलवाल्यांची रीत छोट्या डिस्कच्या काळातही फारशी उपयोगाची नव्हती. एक भाग भरून दुसरा रिकामा राहणे एवढेच तिच्यातून निष्पन्न होते, आणि डिस्क बिघडली तर चारही भाग एकदमच जातात.

तंत्रज्ञाने सांगितलेली क्लीन ही आज्ञा चुकीची नाही, ती वेगळ्या कामाची आहे. सी मधलेही काही नको असेल, सगळे कोरे करून सुरुवात करायची असेल, तेव्हा सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून डिस्कपार्ट सुरू करतात, लिस्ट डिस्क म्हणून आकारावरून योग्य डिस्क ओळखतात, ती सिलेक्ट करतात आणि क्लीन व कन्व्हर्ट जीपीटी या आज्ञा देतात. क्लीन ही आज्ञा ‘खात्री आहे काय’ असे एकदाही विचारत नाही. बाहेरची डिस्क त्या वेळी जोडलेली असेल आणि क्रमांक चुकला, तर बॅकअपच कोरा होतो.

प्रश्न: मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. नव्या लॅपटॉपवर कोरे विंडोज टाकायचे आहे, पण सेटअपमध्ये ड्राइव्हची यादीच रिकामी येते. आधीचे विंडोज मात्र व्यवस्थित चालू आहे. एसएसडी नादुरुस्त आहे असे समजून सर्व्हिस सेंटरला द्यावा का? (नाशिक)

उत्तर: आधीचे विंडोज चालते आहे याचाच अर्थ एसएसडी ठीक आहे. आपल्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा अकराव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर असावा. अशा पुष्कळ लॅपटॉपमध्ये एसएसडी ही ‘व्हीएमडी’ नावाच्या नियंत्रकाच्या आड जोडलेली असते आणि पेनड्राइव्हवरील सेटअपजवळ त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर नसेल तर तिच्यामागे काय आहे ते सेटअपला दिसत नाही.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या पानावरून ‘रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’चा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. बरेच जण येथे चुकतात, कारण उतरलेली फाइल ही बहुधा एक चालवण्याची फाइल असते आणि सेटअपला ती नको असते. ती उलगडल्यावर फोल्डरमध्ये ‘आयएनएफ’ प्रकारच्या फाइली सुट्या दिसल्या पाहिजेत. ते फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवून सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तिथवर जावे, म्हणजे डिस्क यादीत येते.

दुसरा उपाय बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो आणि बायोसच्या मुख्य पानावर कंट्रोल व एस ही बटणे एकत्र दाबल्यावरच तो प्रकट होतो. कोरे विंडोज टाकणार असाल तर हा उपाय चालेल. मात्र जुने विंडोज राखायचे असताना व्हीएमडी बंद केल्यास तेच निळा पडदा दाखवून थांबेल, कारण त्याला डिस्कपर्यंत पोचण्याची सवय याच नियंत्रकातून असते. तसे झाल्यास घाबरून काही पुसू नये, सेटिंग पूर्ववत केल्यावर ते पुन्हा सुरू होते.

बायोसच्या माहिती-पानावरसुद्धा एसएसडीचे नाव दिसत नसेल, तर मात्र ती खोबणीत सैल बसली आहे किंवा निकामी आहे, आणि मग सर्व्हिस सेंटरच गाठावे.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ ठेवून त्याच्या जोडीला उबुंटू हे लिनक्स टाकायचे आहे. ५१२ जीबीच्या एसएसडीवर सी हा एकच भाग असून त्यात २१० जीबी मोकळे आहेत, तरी ‘श्रिंक’ करताना फक्त ११ जीबी काढता येतील असे सांगितले जाते. शिवाय बिटलॉकरविषयी कोणी भीती घातली आहे. (फोंडा, गोवा)

उत्तर: भीती अगदीच अनाठायी नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर डिस्क बिटलॉकरच्या तंत्राने आपोआप कूटबद्ध होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. रोजच्या वापरात काही जाणवत नाही, कारण किल्ली मदरबोर्डवरील टीपीएममध्ये असते. परंतु सिक्युअर बूट बंद केले किंवा सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल केला की टीपीएमला संशय येतो आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहता येते. पहिले काम म्हणून ती कागदावर उतरवून घ्यावी, कारण जिथे ती लागेल तो लॅपटॉप त्या वेळी उघडणार नाही.

आता जागेविषयी. श्रिंक करताना विंडोज भागाच्या शेवटाकडची जागा कापते आणि तिथे न हलवता येणारी एखादी फाइल बसलेली असली, तर तिच्या अलीकडे येऊ शकत नाही. मोकळी जागा किती आहे याला तेथे महत्त्व नसते. हायबरनेशनची फाइल, आभासी स्मृतीसाठीची पेज फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी या नेहमीच्या अडवणाऱ्या. कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजीच्या आज्ञेने हायबरनेशन बंद करावे, सिस्टिम प्रॉपर्टीजमधून पेज फाइल आणि सी चे सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरते बंद करावे, लॅपटॉप रीस्टार्ट करावा आणि मग श्रिंक करून पाहावे. तरीही अडल्यास इव्हेंट व्ह्यूअरमधील अॅप्लिकेशनच्या नोंदीत क्रमांक २५९ ची नोंद शोधावी. आडवी आलेली फाइल कोणती हे तिच्यात नावानिशी लिहिलेले असते. विंडोजचा हा एक कोपरा खरोखर उपयुक्त आहे आणि त्याची फारशी कोणी दखल घेत नाही.

पुरेशी जागा निघाली की पेज फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा सुरू करावे. हायबरनेशन मात्र बंदच राहू द्यावे. त्याच्यावर अवलंबून असलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि अशा अवस्थेतील भाग उबुंटूतून उघडल्यास तो फक्त वाचण्यापुरता मिळतो किंवा मिळतच नाही.

निघालेल्या जागेचा विंडोजमध्ये नवा ड्राइव्ह करू नये. ती ‘अनअलोकेटेड’ म्हणजे काळ्या पट्टीखालीच राहू द्यावी, उबुंटूचा इन्स्टॉलर तिथे आपले भाग स्वतः पाडतो. आपण हाताने भाग पाडण्याचा पर्याय घेतलात, तर एका ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. यादीत १०० ते ३०० एमबीच्या आसपासचा एक ईएफआय भाग, म्हणजे सुरू होण्याच्या फाइली ठेवण्याची जागा, आधीपासून असेल. दोन्ही प्रणालींना तो एकच पुरतो, म्हणून नवा करू नये आणि आहे त्याच्यापुढे ‘फॉरमॅट’ची खूण पडू देऊ नये. ती खूण राहिली तर विंडोजच्या सुरू होण्याच्या फाइली त्याच क्षणी जातात. सी मधले सर्व काही शाबूत राहते, तरी विंडोज चालू होत नाही.

सगळे नीट झाल्यावर विंडोजमधले घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले आढळल्यास पुन्हा पत्र लिहू नये! लिनक्स मदरबोर्डवरील घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज त्याच आकड्याला भारतीय वेळ समजते, एवढीच ती गडबड असते आणि लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगून ती मिटवता येते.

प्रश्न: भावाने माझ्या संगणकावर विंडोज टाकताना सी समजून डी डिलीट केला. आईवडिलांच्या पन्नासाव्या लग्नवाढदिवसाचे फोटो त्यात होते. लक्षात येताच आम्ही सेटअप बंद केला. काही आशा आहे का? (बेळगाव)

उत्तर: आशा चांगली आहे, कारण आपण योग्य वेळी थांबलात. पार्टिशन डिलीट करणे म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद खोडणे, शेतातले पीक त्याने उपटले जात नाही. नोंद नसल्यामुळे डिस्क रिकामी दिसते, फाइली मात्र जागच्या जागी असतात. त्यांच्यावर दुसरे काही लिहिले जात नाही तोवर ही स्थिती टिकते, म्हणून तो संगणक आता त्या डिस्कवरून सुरूच करू नये.

डिस्क काढून एखाद्या यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावावी. ‘डिस्कला इनिशिअलाइज किंवा फॉरमॅट करायचे काय’ असे विंडोज विचारेल, त्याला नकार द्यावा. टेस्टडिस्क हे मोफत सॉफ्टवेअर डिस्क चाचपून हरवलेल्या भागांच्या सीमा शोधते. सापडलेल्या भागातील फाइलींची यादी त्यातच पाहता येते, आणि माझ्या मते नोंद परत लिहिण्याच्या आधी त्या यादीतूनच फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे हा शहाणपणाचा क्रम आहे. वाचवलेली कोणतीही गोष्ट त्याच डिस्कवर ठेवू नये. काळ्या पडद्यावरील अक्षरांत काम करायची सवय नसेल, तर जाणकाराला शेजारी बसवावे.

हे सर्व फिरत्या हार्ड डिस्कला लागू आहे. एसएसडीमध्ये ‘ट्रिम’ नावाची सोय मोकळी झालेली जागा आतल्या आत पुसून टाकू शकते, त्यामुळे तिथे आशा बरीच कमी असते. आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर न चालवता तिची वीज काढावी व ती माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे न्यावी.

भावाला बोल लावण्याआधी हेही सांगितले पाहिजे की सेटअपच्या त्या पडद्यावर सी, डी ही अक्षरे नसतातच. तिथे फक्त ‘डिस्क ०, पार्टिशन ३’ असे क्रमांक आणि आकार असतात, आणि सी व डी सारख्याच आकाराचे पाडलेले असतील तर अनुभवी माणूसही गोंधळतो. विंडोज चालू असतानाच प्रत्येक ड्राइव्हला निराळे नाव देऊन ठेवावे, सेटअपच्या यादीत ते क्रमांकापुढे दिसते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ज्या डिस्कवर काही टाकायचे नाही तिची केबल कामापुरती काढून ठेवणे.

प्रश्न: डेस्कटॉपला नवी ५०० जीबीची एसएसडी लावून तिच्यावर विंडोज टाकले. मग जुनी हार्ड डिस्क काढली, तर संगणक सुरूच होईना. शिवाय एसएसडीवर ४६५ जीबीच दिसतात. दुकानदाराने फसवले का? (लातूर)

उत्तर: संगणकात आधीच एखादा ईएफआय भाग असला, तर विंडोजचा सेटअप नव्या डिस्कवर दुसरा करत नाही, सुरू होण्याच्या फाइली त्या जुन्याच भागात ठेवतो. आपले विंडोज एसएसडीवर आणि ते सुरू करणाऱ्या फाइली हार्ड डिस्कवर, असे झाले आहे. जुनी डिस्क परत लावल्यास सर्व चालू होईल. एसएसडीवर अजून काही महत्त्वाचे नसेल, तर हार्ड डिस्क काढलेली असतानाच एसएसडीवर पुन्हा विंडोज टाकणे सर्वांत सोपे. पुन्हा टाकायचे नसेल, तर एसएसडीवरील थोडी जागा मोकळी करून तिथे छोटा ईएफआय भाग तयार करावा आणि बीसीडीबूट या आज्ञेने त्यात फाइली लिहून घ्याव्यात. हे काम जमणाऱ्याकडूनच करवून घ्यावे.

दुकानदार निर्दोष आहे. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो आणि विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. ५०० ला या हिशेबाने भागले की साधारण ४६५ येतात, तसेच एक टीबीचे ९३१.